दोन हिसके

मे महिन्यातला दुसरा शनिवार. दुपारी दोन चाळीसला खालापूर तालुक्यातल्या एका खासगी तलावाच्या काठावर एक जुना दोर जाळला गेला.

तीन वाजायच्या आत तोच दोर होडीच्या डोलकाठीवरून खाली आला.

ओला.

विश्वास ठेवा, असा आग्रह नाही. मनोजकडून हे तीनदा ऐकलं, उलटसुलट प्रश्न विचारून ऐकलं. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

मनोज दहिवलीचा. भातशेती सांभाळून भिवपुरीला फिटरचं काम करतो. त्याचा थोरला भाऊ दशरथ त्या तलावाकाठच्या रिसॉर्टवर अकरा वर्षं शिडाची छोटी होडी चालवायचा. गेल्या नोव्हेंबरात एका दुपारी अचानक वारा उठला, शीड उतरेना आणि होडी कलंडली. दशरथ शिडाखाली अडकून बुडाला.

रिसॉर्टचा मालक हर्षद. त्याने पोलिसांना जबाब दिला की शीड चढवायचे-उतरवायचे दोर जूनमध्येच बदलले होते, दशरथनेच गाठ चुकीची मारली.

दहिवलीत तेच पसरलं. अकरा वर्षं होडी चालवली न् गाठ नाय आली, असं बायका दशरथच्या बायकोच्या, सुनंदावहिनीच्या तोंडावर म्हणायच्या. मनोजच्या डोक्यात तिडीक जायची. कारण दशरथ सप्टेंबरपासून घरी सांगत होता, दोराची साल निघालीय, कप्पीत अडकतो, शेठ बदलून देत नाय.

होडी तेव्हापासून ताडपत्रीखाली पडून होती. मे महिन्यात पाहुणे वाढले, तसं हर्षदने दोर बदलायला मनोजलाच बोलावलं. हे काम आसपास दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

मनोज गेला तो एकाच गोष्टीसाठी. त्याला तो जुना दोर पोलिसांना दाखवायचा होता.

ताडपत्री काढली. दोर तोच होता. डोलकाठीच्या टोकावरच्या कप्पीच्या हातभर खाली साल सुटून कापसासारखा फुगलेला. सुटू नये म्हणून टोकाला पिवळा दोरा गुंडाळलेला, दशरथच्या हातचा.

"शेठ, ह्योच का तुमचा जूनमधला नवीन दोर?"

हर्षदने पांढऱ्या नवीन दोराचं वेटोळं त्याच्याकडे फेकलं.

दोर बदलायची एक रीत असते. जुना आधी काढायचा नाही. त्याच्या शेपटाला नवीन दोर शिवायचा आणि जुना ओढायचा, म्हणजे नवीन त्याच्या मागोमाग कप्पीतून पार होतो. जोड मध्येच सुटला तर अख्खी डोलकाठी उतरवावी लागते. म्हणून दोघे भाऊ हे काम मिळून करायचे. ओढणारा दोन हिसके द्यायचा. ओढू का? जोड धरून बसलेला एक हिसका द्यायचा. ओढ.

त्या दिवशी मनोज एकटा होता. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने हिसके न देताच ओढलं. नवीन दोर पार झाला. शिवण उसवून जुना गुंडाळून तो पिशवीत घालणार, तेवढ्यात हर्षदने हातातून ओढून घेतला.

"हा इथेच राहील."

"माझ्या भावाचा जीव गेलाय त्यात."

"होडी माझी आहे, दोर माझा आहे. तू फक्त काम कर."

जनरेटरच्या पेट्रोलचा कॅन जवळच होता; हर्षदने तो दोरावर ओतून काडी लावली. मनोज धावेपर्यंत दोर भसकन पेटला.

मनोजने हात उगारला होता. मारला असता तर उद्या दहिवलीत आणखी एक गोष्ट पसरली असती. त्याने हात खाली घेतला. काम अर्धं टाकायचं नाही, ही दशरथचीच शिकवण. नवीन दोर ताणून बांधायचा राहिला होता. तो डोलकाठीपाशी गेला. त्याने नवीन दोर हातात घेतला.

आणि हातांनी सवयीने दोन हिसके दिले.

आपण कुणाला विचारतोय, हे त्याच्या लक्षात येईपर्यंत…

एक हिसका आला.

वरून.

वारा नव्हता. पाणी ताटासारखं सपाट होतं.

मनोजने ओढलं. पहिला हातभर दोर पांढरा, कोरडा. दुसरा हात… जड. तिसऱ्याला मनगटावरून पाणी ओघळलं. चौथ्याला तळव्यात चिखल आला. तलावाच्या तळाचा वास. मग सालटं निघालेला, फुगलेला भाग.

मग… पिवळा दोरा.

मागे तोच दोर अजून जळत होता. वितळलेले थेंब दगडावर पडत होते.

हर्षदने आधी आगीकडे बघितलं. मग मनोजच्या हातांकडे.

"हा कुठून आणलास?"

"मी नाय आणला, शेठ. दादानं सोडला."

हर्षद बाजूला झाला. मनोजने दोर पिशवीत घातला आणि मोटरसायकलवरून थेट खालापूरचं पोलीस ठाणं गाठलं. कप्पीतून पार केलेला नवीन दोर कुठे गेला, ते आजही कुणाला सांगता येत नाही.

पोलिसांकडची नोंद अशी आहे: शिडाचा जुना दोर, एक, टोकाला पिवळा दोरा, ओला. सुनंदावहिनीने दोरा ओळखला. तिच्याच शिवणाच्या डब्यातला होता. हर्षदला नव्याने जबाबासाठी बोलावलंय. तो अजून आलेला नाही.

मनोज भिवपुरीला कामावर जातो. पण जड यंत्र उचलायला कप्पीची साखळी ओढायची वेळ आली की आधी दुसऱ्याला हात लावायला सांगतो.

तीन आठवडे कडक उन्हाचे गेले. गेल्या सोमवारी तो चौकशीला गेला, तेव्हा शिपाई दोराची भिजलेली पिशवी बदलत होता.

ही तिसरी.

दोर वाळत नाहीये.