सावली उजवीकडे

शास्त्रीय चित्रात सूर्य कायम डावीकडे वर असतो. पक्षी असो, पान असो, बेडकाचा पाय असो. उजेड डावीकडून यायचा आणि सावली उजवीकडे खाली पडायची. का म्हणून कुणी विचारलं, की पद्माकर बोडस म्हणायचा, "नियम आहे म्हणून." बावीस वर्षं तो दिल्लीतल्या एका सरकारी ऑफिसात पक्ष्यांची चित्रं काढत होता. पक्ष्यांवरच्या ग्रंथाचे चार खंड निघाले, चारही मुखपृष्ठं त्याची. पाचवा शहाण्णवच्या हिवाळ्यात छापायला जायचा होता आणि पुढच्या वर्षी पद्माकर रिटायर होणार होता. शेवटचं मुखपृष्ठ आपलंच, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती.

मग अकोल्याहून वैभवी आली. सव्वीस वर्षांची, नवी नेमणूक. "सर, तुमची चित्रं गिरवूनच मी शिकले," म्हणत वाकून पाया पडली. पद्माकरला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं आठवडाभर टिकलं.

ऑफिसात चित्रं काढायची ती पेंढा भरलेल्या मेलेल्या पक्ष्यांवरून. या पोरीने काढला खिडकीच्या कठड्यावर येणारा जिवंत बुलबुल. डाव्या पायाचं एक बोट तुटलेला, बिस्किटाच्या चुऱ्याला सोकावलेला. चित्र पाहून डायरेक्टरसाहेब खुर्चीतून उठलेच.

"बोडसजी, देखिए! बिल्कुल ज़िंदा! कव्हर पर यही जाएगा."

"जी, बिल्कुल," पद्माकर म्हणाला. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

चार्टर्ड बसने तो वैशाली वसाहतीतल्या आपल्या फ्लॅटवर परतला आणि जेवलाच नाही. बायकोने, शुभदाने, ओवा आणून दिला. आता दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखतं, त्याला ओवा काय करणार, कपाळ! तो जळत होता, सरळ सांगायचं तर. कालची पोर! पण तिच्या रेघेत जे होतं ते आपल्या बावीस वर्षांत कधी आलं नाही, हे सगळ्यांत आधी त्यालाच दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खिडकीशी उभा होता. ऊन उजवीकडून येत होतं. कठड्यावरच्या कुंडीची सावली डावीकडे, चहाच्या ग्लासाची डावीकडे. बुलबुल येऊन चुरा टिपायला लागला.

त्याची सावली उजवीकडे पडली होती. उन्हाच्याच दिशेला.

पद्माकरने चष्मा पुसला. बुलबुल वळला, उडी मारून पुढे गेला. सावली उजवीकडेच, वैभवीच्या चित्रात होती तशी. सलग तीन दिवस त्याने वेगवेगळ्या वेळी पाहिलं. सूर्य सरकायचा, कुंडीची सावली फिरायची, बुलबुलाची जागची हलायची नाही.

"वैभवी, त्या बुलबुलात तुला काही वेगळं दिसतं का गं?"

"नाही सर. का?" ती बुलबुलाकडे बघतच नव्हती. पद्माकरच्या हाताकडे बघत होती.

खरं तर माणूस भ्यायला हवा. पद्माकर भ्याला नाही. त्याचा जळफळाट दुप्पट झाला. आपल्या एकाही चित्राने असं कधी केलं नव्हतं!

शाईची चूक ब्लेडने खरवडून काढतात, आणि त्यात त्याचा हात धरणारा ऑफिसात कुणी नव्हता. शुक्रवारी वैभवी डबा खायला गेली तेव्हा त्याने तिचं चित्र पुढे ओढलं. पक्ष्याला धक्का लावला नाही. फक्त सावली अलगद खरवडली आणि नखाने कागद गुळगुळीत केला.

सोमवारी डायरेक्टरसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ये तो हवा में लटक रहा है! प्रेस को आज ही भेजना है. बोडसजी, आप अपना वाला दे दीजिए."

वैभवीने कागद तिरका धरून उजेडात पाहिला. खरवडल्याची जागा तिला दिसली असणारच. तिने तो खणात ठेवून दिला.

दुपारी बुलबुल आला. त्याला सावली नव्हती. कठड्यावर उतरायला गेला आणि अंदाज चुकून बाजूला घसरला. पुन्हा आला, पुन्हा चुकला. कठडा नेमका कुठे आहे हेच त्याला कळत नव्हतं. तिसऱ्यांदा तो भिंतीवर आपटून चार मजले खाली गेला. वर आला नाही.

महिनाभरात वैभवीने नोकरी सोडली. गुडगावात एक परदेशी कंपनी आली होती, तिथे कॉम्प्युटरवर चित्रं काढायला जाणार होती. जाताना तिने पद्माकरला एक फ्रेम दिली. आत पेन धरलेला त्याचा उजवा हात. शिरा, नखं, अंगठ्याजवळचा शाईचा डाग, सगळं तंतोतंत. खाली उजवीकडे सावली.

"तुमचं काम चालू असताना काढलं, सर. सावलीला जपा हं. कागद आहे, कसर लागते."

घरी बाल्कनीत त्याने दोन्ही हात उन्हात धरले. डाव्या हाताची सावली डावीकडे पडली. उजव्याची उजवीकडे.

शुभदाला त्याने काही सांगितलं नाही. फ्रेममध्ये डांबराची गोळी घातली, चारही कडा टेपने बंद केल्या आणि ती टेबलासमोर टांगली. रोज सकाळी आधी ती बघायची, मग चहा.

मार्चमधल्या एका रविवारी तो घारीचं पीस काढत होता. रेघ वाकडी गेली. बावीस वर्षांत गेली नव्हती. रेघ मारताना हाताचा सगळा भार करंगळीवर असतो, आणि करंगळीला कागद जाणवत नव्हता. त्याने ती टेबलावर दाबून पाहिली. काहीच नाही.

खिडकीतून ऊन येत होतं. त्याच्या उजव्या हाताच्या सावलीला करंगळी नव्हती.

त्याने मान वर केली. टेप जशीच्या तशी होती. काचेआड, करंगळीच्या सावलीच्या जागी कागद कुरतडलेला होता.

"अहो, चहा गार होतोय," शुभदा आतून म्हणाली.

काचेआड एक बारीक चंदेरी कसर सरकली. तर्जनीच्या सावलीवरून गेली. अंगठ्याच्या सावलीवर थांबली.

खट्ट आवाज झाला.

तेव्हा पद्माकरला कळलं, की पेन हातातून खाली पडलं आहे.