पुन्हा पुन्हा कान्हा

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही वर्गाची हजेरी घेताय आणि त्याच वेळी कुणीतरी वहीतली पानं फाडतंय. कुठवर वाचलं, ते सांगता येईल?

२००८च्या जानेवारीत, म्हसा गावच्या जत्रेत भाविकची अशीच पंचाईत झाली. हरवलेल्या मुलांच्या मांडवात तो लॅपटॉप घेऊन बसला होता. पायथन या संगणकाच्या भाषेतल्या डिक्शनरीत, म्हणजे जोड्यांच्या यादीत, त्याने प्रत्येक मुलाचं नाव आणि त्यापुढे गाव भरलं होतं. एकेक नाव पडद्यावर येई, तो माइकवरून पुकारी. ‘आले का?’ असं पडदा विचारी. घरचे आले, की भाविक ‘हो’चं बटण दाबी आणि नाव यादीतून जाई... तोच प्रोग्रॅम बंद! पुन्हा पहिल्या नावापासून, म्हणजे कान्हापासून सुरुवात.

बैलबाजारात रडणाऱ्या पाच वर्षांच्या लहानीला संघरत्ना नावाच्या तरुणीने इथे आणलं, त्याला तास झाला होता.

“ओ, हिचं नाव कधी घेणार?”

“यादीत हाय ना ती. येईल.”

“कान्हाचं चारदा आलं. भाचा हाय का तुमचा?”

भाविक ओशाळून हसला. “मधेच बंद पडतंय वो. तुमाला येतं यातलं?”

“शहापूरला क्लासात हेच शिकवते. सरका.”

लहानीला मांडीवर घेऊन तिने कोड वाचला. “ज्या यादीवरून चालताय, तिच्यातूनच नावं काढताय. मग प्रोग्रॅम थांबणारच. आधी नक्कल करा. वाचायचं नकलेवरून, काढायचं मूळ यादीतून.”

“एवढंच? मी सकाळपासून घसा फोडतोय—”

“आवाज बरा हाय पण.” हे ती पडद्याकडे बघतच म्हणाली.

तिने एक ओळ बदलली. कान्हा झाला, पारू झाली, पारूची आई येऊन तिला घेऊनही गेली. प्रोग्रॅम थांबला नाही. मग भाविकने पुकारलं, “लहानी, गाव शेणवा!”

लहानीचा बाप धर्मा घोंगडी सावरत धावत आला. पडद्यावर प्रश्न तसाच होता— ‘आले का?’ भाविकचं बोट बटणावर अडलं.

“दाबा की,” संघरत्ना म्हणाली.

“दाबलं की... तुमी जाणार.”

तिने लहानीचे केस सारखे केले.

“क्लास स्टँडसमोर हाय. सोमवारी चारला सुटतो. मी थांबेन.”

तरी भाविक तिच्याकडेच बघत राहिला. मग लहानीनेच हात लांब करून बटण दाबलं, संघरत्नाच्या मांडीवरून खाली उतरली आणि बापाकडे पळाली.