डावीकडचं दूध

आधीच सांगते, हे घडलेलं आहे. माझ्याच बाबतीत.

आमच्या घरात भूत मानत नाहीत. आजेसासरे महूला फौजेत होते. त्यांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही, बाळाला तीटसुद्धा नाही. मीही मानत नव्हते. त्यामुळे हे सांगायला घरात माणूस नाही, म्हणून इथे लिहितेय.

आणि रात्रीची गोष्ट हवी असेल तर ही ती नाही. मागच्या मे महिन्यातला मंगळवार. दुपारचे चार. इंदूर, भंवरकुआं. रस्त्यावर कोचिंगची हजार पोरं.

तरीही…

(थांबते. संबोधी उठली.)

(आले.)

संबोधी म्हणजे माझी मुलगी. तेव्हा अठ्ठावीस दिवसांची. जन्माला आली तीच बारीक, म्हणून डॉक्टरांनी वही लिहायला लावली होती. किती वाजता पाजलं, कुठल्या बाजूने, किती मिनिटं. त्या दिवशी वजन भरलं तीन किलो दहा ग्रॅम. डॉक्टर हसले. मीही हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

परत घरी, राऊला, निघालो तर भंवरकुआंला ही रडायला लागली. सोबत सासूबाई होत्या, गयाबाई. मी त्यांना मम्मीजी म्हणते.

"अगं शीला, तो डब्बा आहे ना बसस्टॉपपाशी, दूध पाजायचा. जा आत. मी बाहेर बसून रस पिते."

"मला पण घ्या ना एक ग्लास."

"तुला बर्फाचा नाही. लेकराला सर्दी झाली तर तुझा नवरा मलाच लेक्चर देईल."

पत्र्याची गुलाबी केबिन. एक बाक, एक पंखा, दाराला कडी. मम्मीजी दारासमोरच्या स्टुलावर बसल्या.

मी आत गेले.

नवऱ्याला, ज्ञानदीपला, मी संध्याकाळी एवढंच सांगितलं : "आत एक बाई होती. तिला दूध उतरत नव्हतं. तिच्या बाळाला मी पाजलं."

तो म्हणाला, "अच्छा किया." सिमरोलच्या कॉलेज-कॅम्पसमध्ये लॅबला आहे तो. त्याचं डोकं अजून ऑफिसातच होतं.

जे सांगितलं नाही, ते असं.

बाई कोपऱ्यात होती, भिंतीकडे तोंड करून. मांडीवर हिरव्या टॉवेलात बाळ. बाळ रडत नव्हतं. हलतही नव्हतं. मी संबोधीला उजवीकडे लावलं. थोड्या वेळाने ती बाई मागे न बघताच बोलली.

"बहन, मेरे को उतरता ही नहीं. इसको थोड़ा पिला दोगी?"

इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. महूच्या फौजी क्वार्टरमध्ये नवरे सीमेवर असायचे आणि बायका एकमेकींची लेकरं पाजायच्या. कोणाची जात विचारायची नाही, लेकरू कोणाचं ते विचारायचं नाही. मम्मीजींचं माहेरही तिथलंच; त्यांना अशाच शेजारच्या बाईने पाजून वाढवलंय. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी मला हे सांगितलं, जसं दुसऱ्या घरात कुळाचार सांगतात.

मी काहीच विचारलं नाही.

"द्या," म्हणाले.

टॉवेल माझ्या डाव्या हातावर आला. ओढणीखाली घेतला. तोंड लागलं…

गार होतं. माठाच्या तळासारखं.

पण ओढ अशी, की माझ्या पाठीपर्यंत कळ गेली. संबोधीने कधी तसं ओढलं नव्हतं. दोन्हीकडे दोघं. मला, खरं सांगू, छान वाटलं. आपल्याला एवढं येतं याचं.

"पानी लेके आती हूँ," बाई म्हणाली.

पंखा फिरत होता. बाहेर बसचा कंडक्टर राऊ-राऊ ओरडत होता. किती वेळ गेला कळलं नाही.

मग जाणवलं… हाताला वजन नाही.

ओढणी उचलली.

टॉवेल. चार घड्या घातलेला, कोरडा.

आणि ओढणं चालूच होतं.

(थांबते.)

(ही पुढची ओळ मी तीनदा खोडली. आता तशीच ठेवते.) मी त्याला बाजूला ढकललं नाही. ते थांबेपर्यंत बसून राहिले. लेकरू पीत असताना ओढून काढत नाहीत, एवढंच डोक्यात आलं.

आणि दाराची कडी… आतून लागलेली होती. मीच लावली होती, आत आल्यावर.

बाहेर येऊन विचारलं, "ती बाई कुठे गेली?"

"कोणती बाई? मी इथेच बसलीये. तू गेलीस, तू आलीस. बीच में कोई नहीं."

वहीतलं उतरवते.

बुधवार, चार वाजता. डावी रिकामी. पाजलं नव्हतं.

गुरुवार, चार. डावी रिकामी.

शुक्रवार, डावी, पंधरा मिनिटं. गटगट आवाज येत होता. संबोधीचं तोंड हलत नव्हतं.

शनिवारनंतर उजवीकडेही कमी उतरायला लागलं.

पुढच्या मंगळवारी वजन : दोन किलो आठशे नव्वद.

डॉक्टर हसले नाहीत. तिथेच पाजायला लावलं. आधी वजन, मग डावी, मग पुन्हा वजन. मी पाजलं. आवाज नर्सनेही ऐकला, म्हणाली, "मस्त पी रही है." काट्यावर ठेवलं.

एक ग्रॅमही वाढलं नव्हतं.

"दीदी, बीच में कपड़े तो नहीं बदले?" तिने काटा दोनदा शून्यावर आणून पाहिला.

डॉक्टर म्हणाले, "तीन दिवस बघू. वाढलं नाही तर भरती करावं लागेल."

त्या दिवशी चारच्या आत मी डावी बाजू ओढणीने करकचून बांधली. तीन पदर. गाठ पाठीमागे. संबोधीला मांडीवर घेऊन पलंगावर बसले. काही झालं तरी आज नाही.

चार वाजले.

संबोधीने तोंड उघडलं. चेहरा लाल झाला. गळ्याच्या शिरा ताणल्या. ती रडत होती…

आवाज नव्हता.

रडणं जिन्यातून येत होतं.

तिचंच. माझ्या पोरीचं रडणं मी झोपेतही ओळखते. मांडीवर ती होती, आणि आवाज दाराबाहेर दुसऱ्या पायरीवर. मग तिचे ओठ निळसर व्हायला लागले.

मम्मीजी स्वयंपाकघरातून धावत आल्या. आधी दाराकडे बघितलं. मग मांडीकडे. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या तोंडावरून कळलं.

"पाज," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"मला नाही माहीत. मला काही विचारू नको. पाज तू."

त्यांनीच पाठीमागची गाठ सोडली. बोटांनी सुटेना, शेवटी दाताने सोडली.

मी मोठ्याने बोलले. कोणाशी बोलतेय ते माहीत नव्हतं. "डावीकडचं तू घे. उजवीकडचं हिचं. तिकडे हात लावायचा नाही. कबूल?"

जिना गप्प झाला.

डावीकडे गार तोंड लागलं.

आणि संबोधी रडली. घर डोक्यावर घेतलं. एवढं गोड मी काही ऐकलेलं नाही.

तीन दिवसांनी वजन वाढलं होतं. भरती टळली. एका बाजूच्या दुधावर पोरगी सावरली, डॉक्टर म्हणाले कमाल आहे. ज्ञानदीपने ऑफिसात पेढे वाटले. रोज चारला मम्मीजी मला पाण्याचा तांब्या आणून देतात, दार लोटून घेतात आणि बाहेर बसतात. बस.

एकदा मी त्या केबिनपाशी जाऊन आले. चालू आहे. आत कुणीतरी पाजत होती, हसतखेळत. मी काय सांगणार होते तिला?

आज संबोधीला सहा महिने झाले. तब्येत छान आहे.

मागच्या आठवड्यात डावीकडे दुखायला लागलं. रक्त आलं. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि हसल्या. "चावायला लागली वाटतं! दोन दात आलेत खालचे. खुणा बघा ना."

मी संबोधीच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. घरी येऊन पुन्हा फिरवलं. आत्ता लिहितानाही फिरवलं.

गुळगुळीत आहेत.

उद्या तिचं उष्टावण आहे. मऊ भात, मुगाचं पाणी. मम्मीजी सकाळी बाजारात जाऊन चांदीची वाटी घेऊन आल्या. ज्ञानदीपला दाखवली, त्याने फोटो काढला.

तो गेल्यावर त्यांनी पिशवीतून आणखी एक वाटी काढली. स्टीलची. धुतली, पुसली, आणि चांदीच्या वाटीशेजारी ठेवली.

ती मोठी होती.

मी काहीच विचारलं नाही.