आईचं नाव

पठारापासून बागांपर्यंत भुयारी पाटाला एकेचाळीस तोंडं होती. सव्वीस रेतीने बुजलेली, अकरा उघडी, आणि चारांवर सपाट दगड ठेवलेले. त्या चारांतून उतरलेली माणसं परत वर आली नव्हती.

मबारका त्यांतल्या शेवटच्या दगडापाशी थबकली. खांद्यावर खजुरावर चढायचा दोर, डोक्यावर रिकामी टोपली. टळटळीत दुपार. वारा पडलेला. वाळूवर तिच्या सावलीखेरीज हलणारं काही नव्हतं.

आणि दगडाखाली कुणीतरी शीळ घालत होतं.

तिच्या मानेवर काटा आला. दगड एका बाजूला चिरलेला होता. त्या फटीतून ओल्या मातीचा गार वास येत होता. शीळ थांबली.

"वर कोण आहे? ए... पैंजण वाजले आत्ता. उगीच लपू नकोस."

आतून हाक आली तर उत्तर द्यायचं नाही, हे गावात पाळण्यातल्या पोराला शिकवतात. जिवंत माणूस आधी आईचं नाव सांगतो. आत राहिलेल्यांना ते आठवत नाही.

पण नुसतं विचारणं म्हणजे काही उत्तर देणं नव्हे. मबारकाने मनाशी पळवाट काढली.

"कुणाचा तू?"

"बेलखैर. हाज मूसाचा नातू. परवाच ओरान शहरातून आलोय. पाट उपसायला बागेकडून आत शिरलो, तर मागे रेती ढासळली."

"बापजाद्यांचं राहू दे. आईचं नाव सांग."

खालून हसू आलं. "आईचं? पहिल्याच भेटीत? मागणी घालायला माणसं पाठवतेस की काय?"

"जिवंत असलास तर बघू. नाव?"

हसू विरलं. कुठेतरी खोल थेंब पडत राहिले.

"...आठवत नाही."

मबारका चटकन मागे सरली. टोपली खाली पडली.

"अगं, खरंच! मी दोन वर्षांचा असताना गेली ती. घरात सगळे तिला नुसतं यम्मा म्हणायचे. मोठेपणी विचारलं, तर वडील उठून बाहेर जायचे. मग विचारणंच सोडलं."

खालचं कुणीही अगदी हेच म्हणालं असतं. तिने दोर घट्ट धरला. निघून जावं? आणि तो खरंच माणूस असला तर?

"ओरानमध्ये पाणी कुठून येतं?" तिने अचानक विचारलं.

"नळातून."

"आणि नळात?"

"देव जाणे! आलं नाही की अख्खी इमारत बादल्या घेऊन जिन्यात बसते. सातव्या मजल्यावरची म्हातारी रोज मलाच शिव्या घालायची, जसा काही मीच पाणी पिऊन टाकलंय. ओरडायचं कुणाच्या नावाने, तेही ठाऊक नाही. इथे निदान फावडं घेऊन स्वतः उतरता येतं... म्हणजे, उतरलो खरा."

मबारकाला हसू फुटलं. मेलेला माणूस बादल्यांवरून इतका कुरकुरणार नाही. तिने सगळा जोर लावून दगड ढकलला, दोराचं टोक जवळच्या खजुराच्या बुंध्याला बांधलं आणि उरलेला दोर आत सोडला. बागेजवळची तोंडं उथळ, दोन पुरुष खोल. आधी एक हात वर आला. चिखलाने पांढरा, बर्फासारखा गार. तिने तो धरला, माणूस पुरता वर ओढला, आणि मग सोडलाच नाही.

"पोहोचलो मी," तो हळूच म्हणाला. "हात..."

"थांब. नाडी बघतेय."

"सापडली?"

"जरा जोरात पळतेय."

"ती आत्ता पळायला लागली."

तिने हात सोडला, पण नजर सोडवायला जमेना. पापण्यांवरसुद्धा माती होती त्याच्या.

"सकाळपासून हाका मारून दमली असशील," तो म्हणाला.

"मी? मी तर आत्ताच आले."

"मग भुयारात कोण होतं? 'पुढे ये, इथे उकर, जरा डावीकडे...' तिने सांगितलं तिथे उकरलं, आणि भिंतीतून धार सुटली. मला वाटलं, तूच वरून... फक्त ती मला बाळा म्हणत होती."

मबारका त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. त्या भुयारात आजवर एकही बाई उतरली नव्हती. तिने त्याला ते सांगितलं नाही. दोघांनी मिळून दगड पुन्हा जागेवर सरकवला.

बागेच्या वाटेवर तिने आपण कुणाची ते सांगितलं, तसा तो म्हणाला, "तुम्ही शनिवारी ओरानला चाललात म्हणे?"

"भाऊ बोलावतोय. उद्या मोजणी आहे. मोजायच्या पाटीची सहा भोकं भरून वाहतील इतकं पाणी आमच्या बागेला मिळालं तर राहायचं, नाहीतर बाग विकायची, असं बा म्हणतात. मागच्या खेपेला चारच भरली."

"आणि तुला काय हवंय?"

"मला..." ती थांबली. "मला माझ्या झाडाचे खजूर खायचेत. कुणाच्या जिन्यात बसायचं नाही."

"पाणी कमी भरलं, तर मी पुन्हा उतरेन."

"मुळीच नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की कुंपणावरचे होले उडाले. मग खाली बघत पुटपुटली, "तू वरच हवास. मला."

तिची टोपली त्याने आपल्या डोक्यावर घेतली.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर तिच्या बांनी मोजणीची तांब्याची पाटी धारेत धरली. त्यांना आता दिसत नव्हतं. मबारका भोकांतली चिकणमाती एकेक करून काढत होती आणि ते बोटाने चाचपत होते. पलीकडच्या काठावर बेलखैर उभा होता.

सात भोकं भरून वाहिली. आठवं अर्धं.