चाळीस मिनिटं

मंगळूरच्या त्या रुग्णालयात संगणकांचं काम योगीश सालियन एकटाच बघायचा. सकाळी चहाबरोबर गोळीबजे खात असताना शस्त्रक्रियागृहातून सिस्टर हिल्डाचा फोन आला.

"योगीश, बल्लाळ डॉक्टरांना स्कॅन उघडत नाहीये."

"पासवर्ड विसरले असतील परत."

"चेष्टा पुरे, माराया! मल्पे गावाहून आलेल्या म्हाताऱ्याला भूल दिलीय. डोक्यातली गाठ नेमकी कुठे आहे ते बघितल्याशिवाय डॉक्टर हात कसा लावणार?"

योगीशने कप ठेवला. एकदा पासवर्ड टाकला की सगळं उघडावं, अशी तिथली व्यवस्था. कर्बेरोस तिचं नाव. डोमेन कंट्रोलर नावाचा मुख्य सर्व्हर माणसाची ओळख पटवून वेळेचा शिक्का मारलेली चिठ्ठी देतो. ती बघून स्कॅनचा सर्व्हर दार उघडतो. मात्र दोघांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की चिठ्ठी चालत नाही.

स्कॅनचा सर्व्हर चाळीस मिनिटं पुढे होता.

त्याने घड्याळ मागे आणलं. बोट उचलायच्या आत ते पुन्हा पुढे गेलं. दुसऱ्यांदाही तेच. सर्व्हरच्या खोलीत गार वारा एकसुरी घोंघावत होता. फोन पुन्हा वाजला.

"अजून किती वेळ रे? म्हाताऱ्याची नाडी मंदावतेय."

तेव्हा योगीशने करायचं नसतं ते केलं. दहा चाळीसला डोमेन कंट्रोलरचंच घड्याळ पुढे ढकललं. अकरा वीस. त्याच्यामागोमाग रुग्णालयातले सगळे संगणक पुढे सरकले.

"उघडलं!" हिल्डा म्हणाली.

त्याचा जीव भांड्यात पडला. सवयीने तो शस्त्रक्रियागृहातल्या संगणकाच्या नोंदी चाळू लागला. स्कॅनच्या सर्व्हरने सकाळपासून प्रत्येकाला नाकारलं होतं. एकच नोंद वेगळी होती. डॉ. बल्लाळ, शस्त्रक्रियागृह. स्कॅन उघडला, दहा एक्केचाळीस. बंद केला, अकरा अठरा.

ही वेळ आलीच नव्हती. दहा चाळीसवरून थेट अकरा वीस; मधली वेळ त्याने नुकतीच ओलांडली होती.

फोन वाजला.

"योगीश," हिल्डाचा आवाज अगदी खाली आला होता. "या म्हाताऱ्याचं आधी कुठे ऑपरेशन झालंय का, बघ ना."

"आधीची काही नोंद नाही. का हो सिस्टर?"

"डोक्यावर टाके आहेत. ताजे."

"आणि म्हातारा?"

"बरा आहे. पाणी मागतोय. डॉक्टर म्हणतात, टाके त्यांच्याच हातचे आहेत."

योगीशने ती नोंद पुन्हा वाचली.

"पण त्यांचे हातमोजे अजून कोरडे आहेत," हिल्डा म्हणाली. "रक्ताचा थेंबही नाही."