खिंडीतला शिशाचा पहारेकरी

ही गोष्ट रचलेली नाही. रचायचीच असती तर मी मध्यरात्र घेतली असती, अमावास्या घेतली असती, केस सोडलेली एखादी बाई घेतली असती.

यात तसलं काही नाही. भर दुपार होती, श्रावणातली. साल एकोणीसशे एकाहत्तर. जागा लोणावळा, भांगरवाडीतलं एक कौलारू घर.

घर माझ्या इंदिरामावशीचं. जे घडलं ते तिच्या यजमानांच्या, श्रीपादकाकांच्या बाबतीत. त्यांनी स्वतः मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. राहिलेलं मावशीने सांगितलं.

काका शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांचा धाकटा भाऊ गंगाधर रेल्वेत, खंडाळ्याच्या सिग्नल केबिनवर. लग्न केलं नव्हतं, भावाकडेच राहायचा. दोघांना व्यसन एकच, आणि ते तंबाखूपेक्षा वाईट, असं मावशी म्हणायची.

शिशाचं सैन्य.

खंडाळ्यातला एक बंगला विकला गेला, तेव्हा आवराआवरीत गंगाधरला एक पेटी मिळाली. आत कुणा साहेबाचे बोटभर उंचीचे शिपाई, आणि टेबलावर लढाई कशी खेळायची त्याच्या नियमांची वही. माकडाच्या हाती कोलीत! लाल कोटातले गोरे शिपाई दोघांनाही आवडले नाहीत, म्हणून दोघांनी आपापली फौज ओतायला घेतली. छापखान्यातले झिजलेले शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, आणून शेगडीवर वितळवायचे, प्लास्टरच्या साच्यात ओतायचे, कानशीने घासायचे, मग रंगवत बसायचं. काकांची फौज राक्षसांची. सुळेवाले, तीन डोळ्यांचे, उलट्या पायांचे. गंगाधरचे गडकरी. घोंगडीवाले, भालेवाले, एक तर चक्क घुबडावर बसलेला. बारा वर्षांत चारशे जमले.

मागच्या खोलीत जुन्या दाराची फळी दोन बाकांवर टाकली होती. तिच्यावर भुशाचे डोंगर, मधोमध एक खिंड. फासा टाकायचा, फूटपट्टीने मोजून फौज पुढे सरकवायची. पन्नाशीकडे झुकलेले दोन बाप्ये, आणि राक्षस मेला की नाही यावरून जेवणं खोळंबायची.

त्यांच्या दोन रीती होत्या, त्या लक्षात ठेवा.

एक, डोळे सगळ्यात शेवटी. गणपतीचे असतात तसे. एका केसाच्या कुंचल्याने डोळे काढले की शिपाई डावात आला.

दुसरी रीत गंगाधरची. खिंडीतल्या पहारेकऱ्याने बदली आल्याशिवाय हलायचं नाही. "केबिनचा कायदा आहे, दादा," तो म्हणायचा. "रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही."

जुलैत, दरडी कोसळायच्या दिवसांत, दोन सोबती आजारी पडले म्हणून गंगाधरने त्यांच्या पाळ्या आपणहून अंगावर घेतल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आला तेव्हा डोळे लाल झालेले, पाय सुजलेले.

"दादा, जरा टेकतो."

टेबलावर कालचा डाव तसाच मांडलेला होता. काका जिंकत होते, कितीतरी महिन्यांनी.

"टेकतोस काय? एवढा डाव संपव, मग हवा तेवढा झोप. उभा राहा इथे, तुझी पाळी आहे."

तो उभा राहिला. तासभर उभा होता. खाली पडलेला फासा उचलायला वाकला, तो पुन्हा उठलाच नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. काका म्हणाले, मी.

तेरावा झाल्यावर काकांनी एकच शिपाई ओतला. गळ्यात मफलर, हातात कंदील, नाक किंचित डावीकडे वाकलेलं. शेवटी डोळे काढले, टक्क उघडे. आणि त्याला खिंडीत उभा केला. त्या टेबलावरची सगळ्यात मानाची जागा ती, भावाला तिथे ठेवलं की आपलं ओझं थोडं उतरेल, असं त्या बिचाऱ्यांना वाटलं.

आठवडा गेला. दुपारची वेळ. काका पुढच्या खोलीत वह्या तपासत होते.

मागच्या खोलीतून आवाज आला...

या पायावरचा भार त्या पायावर घ्यावा, तसा. रेशनच्या रांगेत फार वेळ उभं राहिलेला माणूस करतो ना, तसा.

काका उठून गेले. आत कुणी नव्हतं.

वह्यांकडे परत येऊन बसतात तोच... एक उसासा. लांब, दमलेला.

ते पुन्हा आत गेले आणि त्यांनी पहारेकऱ्याकडे नीट पाहिलं. पापण्यांचा रंग खाली ओघळला होता. डोळे अर्धे मिटल्यासारखे दिसत होते.

ओल असेल, काका म्हणाले. लोणावळ्यात श्रावणात मिठाचं पाणी होतं, चपलांना बुरशी येते, तिथे रंगाचं काय घेऊन बसलात! त्यांनी कुंचला भिजवला आणि डोळे पुन्हा उघडे काढले.

चार दिवसांनी पापण्या पुन्हा खाली आल्या होत्या.

या वेळी डोळ्यांच्या कडा लाल होत्या. लाल रंगाची बाटली तर काकांनी महिनाभरात उघडलेली नव्हती.

बाकीच्या चारशेपैकी एकाचाही रंग ओघळला नव्हता.

काकांनी तिसऱ्यांदा कुंचला हातात घेतला. टोक डोळ्याला टेकलं, आणि त्यांच्या पाठीमागे... कुणीतरी कण्हलं.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. डोळे पुरे केले आणि मगच खोलीबाहेर आले. जात्याच हट्टी माणूस. शिवाय त्यांना आत कुठेतरी बरंही वाटत होतं, असं ते म्हणाले. तो आहे, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

कुरवंड्याची पुतळाबाई त्यांच्याकडे केरवारा करायची. दुसऱ्या दिवशी तिने दारातच बादली खाली ठेवली.

"मास्तर, त्या खोलीत मी न्हाई जायची आता."

"का गं?"

"तितं कोन तरी उबं ऱ्हातंय."

काका तिला घेऊन आत गेले. टेबलाच्या पलीकडे, गंगाधर उभा राहायचा त्या बाजूला... फरशीवर दोन ओली पावलं होती.

दोनच. दारापासून आलेली नव्हती, दाराकडे गेलेली नव्हती.

"तीन येळा पुसली म्या," पुतळाबाई म्हणाली. मग तिची नजर टेबलावर गेली. "ह्यो कंदीलवाला कोन?"

"गंगाधर."

ती बराच वेळ बघत राहिली. घाबरलेली दिसत नव्हती. घरातल्या आजारी माणसाकडे बघावं तशी बघत होती.

"आमच्यात मेल्या मानसाचा टाक करत्यात," ती म्हणाली. "चांदीच्या पत्र्यावर त्येचं रूप ठोकून घेत्यात, अन् देवात बसवत्यात. बसवत्यात, मास्तर. तुमी तर त्येला उबा केलाय. लय दमलाय त्यो. डोळं मिटाय बघतोय, अन् तुमी आपलं परत परत उगडताय."

ती गेल्यावर फासा जिथे पडला होता तिथेच फरशीवर बसून काका लहान मुलासारखे रडले. हे मला मावशीने सांगितलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी अंगाच्या रंगाने पहारेकऱ्याचे डोळे मिटवले. देवघरात चिमूटभर तांदूळ ठेवून त्यावर त्याला भिंतीला टेकवून ठेवलं. मावशीने दिवा लावला. त्या रात्री दोघंही खूप दिवसांनी शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं घरात शिरलं. लोणावळ्यात शिरतं तसं, खिडकीतून, न विचारता. मावशी देवघराशी गेली आणि तिने हाक मारली.

"अहो, गंगाधरला कुठे हलवलंत?"

तांदळात नुसती खळी होती...

तो खिंडीत होता. डोळे मिटलेले, आणि तसाच उभा. खाली फरशीवर दोन ओली पावलं.

काकांना वाटलं मावशीने ठेवला, मावशीला वाटलं काकांनी. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विचारायचं सोडून दिलं.

काका टेबलाशी उभे राहिले. तेव्हा त्यांना आठवला तो केबिनचा कायदा. झोप आली, डोळे मिटले, तरी गंगाधर जागा सोडणार नव्हता. आयुष्यात कधी सोडली नव्हती.

त्यांनी फौजेतला एक भालेवाला खिंडीत ठेवला आणि गंगाधरला पुन्हा देवात बसवलं. दुसऱ्या दिवशी भालेवाला आडवा पडलेला होता आणि गंगाधर आपल्या जागेवर हजर होता. शिशाचं माणूस बदली म्हणून चालत नव्हतं.

मग काकांनी उरलेसुरले खिळे वितळवले. दोन दिवस मागच्या खोलीचं दार आतून बंद होतं. मावशी ताट दाराशी ठेवायची आणि रिकामं उचलायची. तिसऱ्या दिवशी ते बाहेर आले, गंगाधरला देवघरात नेऊन बसवलं आणि हात जोडले.

"खिंडीत कुणाला ठेवलंत?" मावशीने विचारलं.

"आहे एक. बरेच दिवस सुटीवर होता."

तेवढ्यात मागच्या खोलीतली गंगाधरची खुर्ची करकरली...

कुणीतरी अंग टाकून बसल्यासारखी. मग एक मोठा श्वास सुटला, आणि नंतर काही नाही.

गंगाधर त्यानंतर देवघरातून हलला नाही. पावलंही उमटली नाहीत. काकांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं, म्हणते मावशी. तिने खोलीत डोकावून पाहिलं नाही. नवऱ्याच्या फौजेत तिने बारा वर्षांत कधी नाक खुपसलं नव्हतं.

पण काकांची झोप त्याच दिवसापासून उडाली. पाय सुजायला लागले. खुर्चीत बसले की दोन मिनिटांत उठून उभे राहायचे, म्हणायचे, बसवत नाही गं. डॉक्टर झाले, काढे झाले. सात वर्षं असंच चाललं. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर काका गेले.

मी सुट्टीत त्यांच्याकडे जायचे तेव्हा त्यांनीच मला रंगवायला शिकवलं होतं, म्हणून फौज आवरायला मावशीने मला तळेगावहून बोलावून घेतलं. टेबलावर बोटभर धूळ होती. खिंडीत एकच शिपाई उभा होता.

गोल चष्मा. पुढून विरळ झालेले केस. हातात भाल्याऐवजी खडू.

पापण्या ओघळलेल्या होत्या. कडा लाल...

मी खाली पाहिलं. टेबलाच्या अलीकडे, काका उभे राहायचे त्या बाजूला, दोन ओली पावलं होती.

"मावशी, मी डोळे मिटवते त्यांचे," मी म्हटलं. "देवात बसवू या, गंगाधरकाकांशेजारी."

"नुसतं बसवून भागत नाही गं चंद्रिका. बदली लागते."

तिने कमरेची पिशवी उघडली आणि एक पुतळी माझ्या तळहातावर ठेवली. ओबडधोबड, एका बाजूला शिसं नीट भरलेलं नव्हतं. पण नऊवारीचा काष्टा ओळखू येत होता, कपाळावर कुंकवाची आडवी चिरी रंगवलेली होती, आणि हनुवटी... ती माझ्या आईसारखी होती. माझी आई आणि मावशी अगदी एका साच्यातल्या.

"मीच ओतली. रंगही दिलाय, जमेल तसा. डोळे तेवढे नाही जमत, हात हलतो माझा. तू काढून दे."

"मावशी, अगं काय बोलतेस हे!"

"त्यांचे पाय दुखत असतील गं," ती म्हणाली. भाजीला मीठ कमी पडलं सांगावं तसं म्हणाली.

मी नाही म्हटलं. रडले, भांडले, फौज नदीत टाकून देईन म्हणाले. तिने ऐकून घेतलं आणि चहाचं आधण ठेवलं.

याला आता वर्ष होत आलं. मी महिन्यातून एकदा जाते. मागच्या खोलीची फरशी तिने पुसलेली असते, आणि मी पोचेपर्यंत ती पुन्हा ओली झालेली असते. रंग कशाने ओघळतो, पाणी कुठून येतं, मला ठाऊक नाही. शोधायची हिंमतही नाही.

मावशी आता काही मागत नाही. नुसता चहा देते. कपाच्या एका बाजूला ती पुतळी उभी असते. दुसऱ्या बाजूला एका केसाचा कुंचला, पाण्यात भिजवून ठेवलेला.

पुढच्या रविवारी मला पुन्हा जायचं आहे.