न वाळणारं खापर

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण ते खापर मी माझ्या हातांनी उचललंय, तेव्हा मला कुणी वेड्यात काढू नका.

ग्रीसमधलं आमचं बेट खलाशांचं. जुलैची भर दुपार. अशा वेळी गाव झोपतं, कुत्रंही भुंकत नाही.

उत्खननाच्या गोदामात मी आणि सेवास्ती मावशी, दोघीच. खापरं धुवायची, वाळवायची, मग वेगळी करायची. घरातली एका तबकात, थडग्यातली दुसऱ्यात.

मावशीचा मुलगा याकोमी वसंतात नावेसकट बेपत्ता झाला होता. गाव म्हणे, मेलेल्यांचे वाटतात तसे आता त्याच्या नावानं गहू शिजवून वाट.

"जित्या पोराचे गहू शिजवू? जिभेला काही हाड?" मावशी सगळ्यांना झापायची.

त्या दुपारी एक पांढरं खापर हाती आलं. त्यावर रंगवलेलं एका तरुणाचं पाऊल... नावेत पडणारं.

"पेल्याचं आहे. घरातलं," मावशी म्हणाली.

मी उलटून पाहिलं. आतून कोरं. पेला आतूनही रंगवतात. आतून कोरी असते ती मेलेल्याजवळ ठेवायची तेलाची कुपी.

"मावशी, हे थडग्यातलं."

"चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवू नकोस, कालियो!"

तिनं ते घरातल्या तबकात टाकलं. आम्ही जरा आडव्या झालो.

टप्... टप्...

उठून पाहिलं. खापर थडग्याच्या तबकात. ओलंचिंब.

"तूच ठेवलंस!" मावशी कडाडली.

"तुझी शपथ, नाही गं."

दुसऱ्या दुपारी मावशीनं ते परत घरातल्या तबकात ठेवलं, दाराला कडी घातली. तरी तेच. बाकीची खापरं उन्हानं चटके देत होती. हे एकच... गार.

"मातीतलं मीठ ओल धरतं," मी म्हणाले. माझाच आवाज मला खोटा वाटला.

मग एका दुपारी मावशी झोपलीच नाही. तबकापाशी बसून राहिली.

बाहेर झाडांवरचे किरकिरणारे किडे एकदम गप्प झाले...

टप्...

मावशीनं खापर उचलून जिभेला लावलं. भाजलेली माती ओळखायला आम्ही लावतो, तसंच. तिचा चेहरा उतरला.

"समुद्र आहे, कालियो."

तिनं डोक्यावरच्या रुमालानं खापर पुसलं. स्वतःच्या हातानं थडग्याच्या तबकात ठेवलं.

"बास, बाळा. आता दमू नकोस. ऐकलं मी."

त्या संध्याकाळी तिनं गहू शिजवले. खापर वाळलं ते कायमचं. याकोमी अजून सापडलेला नाही.

यंदा माझा धाकटा भाऊ जहाजावर लागला. तेव्हापासून मी प्रत्येक खापराला आधी बोट लावून बघते.

काल एक... वाळलं नव्हतं.

मी ते घरातल्या तबकात ठेवलंय.